दोन मिनिटांचा थांबा

सोसायटीच्या मागच्या गेटचा बसथांबा रद्द झाला, तर ऑफिसला जाताना उन्मेषची रोज दोन मिनिटं वाचणार होती. म्हणजे वर्षाला चांगले दहा तास! सकाळी नऊच्या एक्स्प्रेस बसला तिथे चिटपाखरूही चढत नाही, असा अर्ज त्याने कोलकात्यातल्या गार्डन रीचच्या आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून ठोकला, आणि सगळ्याच बसचा तिथला थांबा रद्द झाला.

आठवड्याने स्वयंपाकाच्या शेफालीमाशीने, म्हणजे बंगालीतल्या मावशीने, विचारलं, "दादा, माझी सकाळी सातची बसही आता फक्त पुढच्या गेटला थांबते. तिथूनच आत येऊ?"

"नाही माशी. कामवाल्यांनी मागच्या गेटनेच यायचं, हा सोसायटीचा नियम आहे."

"अरे, नियम तूच केलास ना?" त्याची बायको वृंदा वैतागली. "अख्ख्या भिंतीला वळसा घालून येते ती. वीस मिनिटं जातात!"

"पण डबा वेळेवर मिळतोय ना? मग कुणाचं काय अडलं?"



वेळेत पोचायला माशी आता सियालदहला येणारी एक आधीची लोकल धरते. आणि वाचलेल्या दोन मिनिटांत उन्मेष एस्प्लनेडला उतरून, ऑफिसखाली निवांत चहा पितो.