नऊ खोडलेली उत्तरं

वहिनीच्या सराव-पेपरात क्रियापदाचा योग्य काळ निवडायचे वीस प्रश्न होते आणि त्यांतल्या नऊ उत्तरांवर खोडरबर फिरला होता. नणंदेने कागद खिडकीच्या उजेडात तिरपा धरला. वहिनीचा नवरा तीन वर्षांपासून परदेशात होता. त्याच्याकडे जायचं तर इंग्रजीची परीक्षा पास व्हायलाच हवी होती, आणि वहिनी तीनदा नापास झाली होती.

"दादा म्हणतो, तुझ्या डोक्यात नुसता भुसा भरलाय," नणंद म्हणाली. "पण पेन्सिलचा दाब अजून दिसतोय, वहिनी. नऊच्या नऊ ठिकाणी आधी बरोबर लिहिलं होतंस. मग खोडून चुकीचं लिहिलंस. परीक्षेतही असंच केलंस?"

"तेवढंच माझ्या हातात होतं, ताई."

तेवढ्यात फोन वाजला. वहिनीने तो स्पीकरवर टाकला.

"काय गं," पलीकडून नवऱ्याने विचारलं, "या खेपेला तरी पास होणार, की पुन्हा दिवे लावणार?"

वहिनीने नणंदेकडे पाहिलं. नणंदेने होकारार्थी मान हलवली.


"पेपर मला सोपाच जातो," वहिनी म्हणाली. "पण मी तुमच्याकडे येणार नाही."