उजवीकडनं

ऑपरेशननंतर हेमलतानं पहिल्यांदाच भीतभीत उजव्या गालाला हात लावला. कित्येक वर्षं तिथं नुसता वारा लागला, तरी वीज पडल्यासारखी कळ उठायची. आज काहीच झालं नाही. ती खुदकन हसली.

"मेंदूजवळ एक रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेला दाबत होती, ती बाजूला केली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दातांचा संबंधच नव्हता."

खाटेशी उभ्या असलेल्या थोरल्या भावानं मान खाली घातली. गावातला दातांचा डॉक्टर तोच. "ही पण काढ, दादा," म्हणून ती रडायची आणि तो उजवीकडची एकेक दाढ काढायचा.

"दादा, घरी गेल्यावर आधी चकली खाणार. कडाकडा, उजवीकडनं!" बोलता बोलता तिची जीभ मोकळ्या हिरडीवर गेली आणि तिथंच थांबली.

दादा म्हणाला, "डावीकडनं खा, हेमा."