मयताची बिअर

"मग यंदा काय काय लावायचं?" हातातला लाकडी वाडगा आर्नफिनच्या पुढे सरकवत तोरगाइरनी विचारलं.

वर्षाच्या पहिल्या दिवशी हे ठरलेलंच असे. जेवणं झाली की शेजारचे तोरगाइर आर्नफिनच्या स्वयंपाकघरात येऊन बसत. नाताळसाठी केलेल्या बिअरचा तळाशी राहिलेला गढूळ भाग दोघं म्हातारे संपवत, आणि येत्या वर्षात कुठल्या निमित्तानं घरची बिअर लावायची ते ठरवत. खोऱ्यात बहुतेक घरी बिअर होई. पण आर्नफिनच्या घरचं बिअर आंबवायचं विरजण त्यांच्या पणजोबांपासून चालत आलेलं होतं, आणि लोक त्यांच्या बिअरचं नाव घेत.

आर्नफिनची मुलगी ब्रीता मोरीशी भांडी विसळत होती. पानगळीच्या दिवसांत डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन वडिलांच्या दुखण्याचं सांगितलं, तेव्हापासून ती बर्गन शहरातली नोकरी रजेवर टाकून इथंच राहिली होती.

"ईस्टरनंतर तुझ्या नातीचा बाप्तिस्मा, त्याला एक," आर्नफिन म्हणाले. "जूनच्या सणाच्या शेकोटीला एक." मध्ये थांबून त्यांनी श्वास घेतला. हल्ली त्यांचं बोलणं एका दमात होत नसे. "आणि एक माझ्या मयताला."

ब्रीताचा हात नळाखाली तसाच राहिला.

तोरगाइरनी वाडगा उचलून एक घोट घेतला. "ती मी लावेन. तू त्याची काळजी करू नकोस."

"तू? अरे, तुझी बिअर म्हणजे मीठ नसलेलं सूप. लोक माझ्यासाठी रडायचं सोडून बिअरसाठी रडतील."

तोरगाइर हसले. त्यांना राग आला नाही. हे ते चाळीसएक वर्षं ऐकत होते.

"बाबा, पुरे," ब्रीता पाठमोरीच म्हणाली. "सणाच्या दिवशी कशाला हे?"

"मग कुठल्या दिवशी?"

तिनं नळ बंद केला आणि वळली.

"बरं. तारीख सांगा."

"कसली तारीख?"

"तुमची बिअर दोन महिन्यांत आंबून खराब होते, असं तुम्हीच सांगता. आत्ता करून ठेवली आणि तुम्ही गेलाच नाहीत, तर ओतून द्यायची का? म्हणून विचारते. तारीख सांगा, म्हणजे त्या बेतानं लावता येईल."

बोलता बोलता तिचा आवाज चिरकला. तिला तो चिरकू द्यायचा नव्हता. तोरगाइर वाडग्यात काहीतरी पडल्यासारखं खाली बघत राहिले.

आर्नफिननी मात्र प्रश्न मनावर घेतला. मोड आणलेले जव चांगले वाळलेत की नाही हे कुणी विचारावं, तशा चेहऱ्यानं त्यांनी थोडा विचार केला.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "असं करू. फेब्रुवारीत लावू. बर्फ वितळेपर्यंत गेलो नाही, तर सगळ्यांना बोलावू आणि पिऊन टाकू. मग दुसरी लावू."

"म्हणजे तू जात नाहीस तोवर आम्ही तुझं मयत पीत बसायचं," तोरगाइर म्हणाले. "माझी काही हरकत नाही."

ब्रीताला हसू आलं. ते आवरेपर्यंत डोळे भरले. ओल्या मनगटानं तिनं ते पुसले.

"पण लावणार कोण? तुम्हाला पाण्याची बादली उचलवत नाही. काकांच्या हातची तुम्हाला चालत नाही."

दोघंही तिच्याकडेच बघत होते.

"माझ्याकडे बघू नका. मी बिअर पीतसुद्धा नाही."

"तुला प्यायला कोण सांगतंय? करायला सांगतोय."

"बिघडेल माझ्या हातून."

"बिघडणारच. पहिली डुकरांना घालू. दुसरी याच्यासारखी होईल." आर्नफिननी मित्राकडे हनुवटी उडवली. "पुढं कधीतरी चार माणसांपुढं ठेवण्याजोगी उतरेल."

ब्रीतानं हात पुसले. पंचा नीट घडी करून चुलीवरच्या दांडीला अडकवला.

"मग तोवर तुम्हाला थांबावं लागेल," ती म्हणाली. "लोकांना भिकार बिअर पाजून मी तुम्हाला पोचवणार नाही. आधीच सांगून ठेवते."

आर्नफिननी मान वळवून बाहेर बघितलं. खिडकीबाहेर समोरच्या डोंगराचा माथा अजून उजळ होता. खालच्या तळ्यावर सावली उतरली होती.

"जुनिपर लागेल आधी," ते म्हणाले. "त्याच्या डहाळ्या टाकून पाणी उकळायचं, त्यात मग जव. ते झुडूप एकदा ओळखता आलं पाहिजे. चल, उजेड आहे तोवर दाखवतो."

"फेब्रुवारीला अवकाश आहे, बाबा."

"ओळखायला शिकायचंय. तोडायचं नंतर."

तोरगाइरनी खुर्ची उचलून मागच्या दारात ठेवली आणि आर्नफिनना तिच्यात बसवलं. ब्रीतानं वडिलांना लोकरीची टोपी घातली, मांडीवर घोंगडी टाकली, आणि स्वतः बूट चढवून घरामागच्या चढाला लागली. बर्फ गुडघ्यापर्यंत होता. त्यातून काटेरी हिरवी झुडपं इथं तिथं डोकं वर काढून उभी होती. तिला सगळी सारखीच दिसत होती.

एका झुडपाशी थांबून तिनं त्याच्यावरचा बर्फ झटकला आणि दाराकडे बघितलं. "हे?"

आर्नफिननी हातातली काठी आडवी हलवली. "ते म्हातारं झालंय. पाणी कडू होईल."

ती आणखी वर गेली. पाय रुतत होते, श्वासाची वाफ तोंडासमोर साचत होती. दुसऱ्या एका झुडपाची फांदी तिनं वाकवून दाखवली. "आणि हे?"

आर्नफिन डोळे बारीक करून बघत राहिले. मग खुर्चीत जरा मागे रेलले.

"नाही," ते म्हणाले. "पुढचं बघ. घाई काय आहे?"