सातव्या स्थळाला एकच प्रश्न

"विचार की तुझा त्यो प्रश्न!" दादासो लेकीवर खेकसले. "सहा स्थळं पळवलीस. ह्ये सातवंबी गेलं, तर कॉलेजातली नोकरी बंद. मी सांगीन तिथं मुकाट उभं ऱ्हायचं."

सातवं स्थळ म्हणजे प्रसेनजीत, पोह्यांची बशी हातात घेऊन शांत बसला होता. वारणानगरला डेअरीत नोकरीला. दादासोंनी त्याला स्वतः हेरला होता, पन्हाळ्याच्या कचेरीतून कोल्हापूरला घरी येताना एसटीत. चार वेळा नेमका शेजारीच बसलेला, आणि तंबाखू मळायला घेतली की न मागता चुन्याची डबी पुढं करणारा! असं पोरगं हल्ली दिवा घेऊन शोधलं तरी सापडत नाही.

"वारणेचा माणूस पन्हाळ्याच्या गाडीत कसा वो?" आक्काताईंनी नवऱ्याला हळूच विचारलं.

"योगायोग म्हणत्यात त्येला. तू चहा बघ."

दीप्ती कॉलेजात गणित शिकवायची. तिनं पदर सावरला आणि विचारलं, "मुलीचं लग्न आणि मुलीची नोकरी, या घटना परस्पर अपवर्जी की स्वतंत्र?"

पहिल्या पाचांना प्रश्नच कळला नव्हता. सहावा म्हणाला होता, "आईला इचारून सांगतो."

प्रसेनजीतनं बशी खाली ठेवली.

"अपवर्जी म्हंजे एक घडली की दुसरी घडूच शकत न्हाई. छापा पडला की काटा न्हाई, तसं. लग्न आणि नोकरी तर दोन्ही एकदम घडू शकत्यात, म्हणून अपवर्जी न्हाईत. आणि एकीमुळं दुसरीची शक्यता बदलत नसंल, तर त्या स्वतंत्र. आमच्या घरात तरी बदलणार न्हाई."

दादासोंना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पण गडी कुठं अडखळला नाही, हे त्यांना फार आवडलं.

"मला पसंत आहे," दीप्ती खाली मान घालून म्हणाली.

दादासोंनी मांडीवर थाप मारली. लेक एकदाची मार्गी लागली, असं त्यांना वाटलं.

"कर बाई नोकरी!" ते म्हणाले. "माणूस म्या पारखलाय. उगंच न्हाई!"

संध्याकाळी वारणानगरच्या गाडीत प्रसेनजीतनं तिकिटाला सुटे पैसे काढले, तेव्हा खिशातून घडी घातलेला एक कागद बाहेर आला. अक्षर दीप्तीचं होतं.

"बाबा सव्वासहाच्या गाडीला, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. चुन्याची डबी विसरू नकोस. आणि उत्तर नीट पाठ कर, छापा-काट्यापाशी अजून अडखळतोस."