एकच मॉडेल

सरकारने आमच्या पाच जणांच्या वर्तमानपत्राला टाळं ठोकलं, तेव्हा आमच्यातला संगणक जाणणारा झ्मित्सेर कामाला लागला. कुणालाही फोडता येणार नाही अशी संगणकप्रणाली कुठल्या लॅपटॉपवर चालते, याची यादी त्याने महिनाभर तपासली. एकच जुनं, जाडजूड मॉडेल धड चालत होतं. आम्ही पाचही जणांनी तेच घेतलं.

"वीट आहे का रे ही?" मी म्हणाले.

"वीटच. डोकं आपटलं तरी त्यांना उघडायची नाही."

देश सोडायला मिन्स्कहून आम्ही वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या बसने निघालो; मी सगळ्यांत शेवटी. सीमेवर अधिकाऱ्याने माझा लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. नुसता हातात तोलला आणि आत ओरडला,



"पाचवाही सापडला रे! तसलाच जाडा. आता बाकीची बस सोडून द्या."