वस्तादाची बिडी

तार तुटली आणि चाक सुटलं.

खालून ही तार ओढली की पवनचक्कीची शेपूट दुमडते आणि चाक वाऱ्याकडे कड करून थांबतं. आता तिचा अर्धा तुकडा हरिबाच्या मुठीत होता, उरलेला तीस फुटांवर लोंबत होता. आटपाडीच्या माळावरचा आषाढातला वारा. मेंढरंसुद्धा त्याला पाठ देऊन उभी राहतात. चाकाची पाती दिसेनाशी झाली होती. पंपाची दांडी विहिरीत धाडधाड आपटत होती आणि मनोऱ्याचे पाय हलायला लागले होते.

सगळी वस्ती विहिरीभोवती जमली होती. विहीर साठ हात खोल. हरिबाची आई तानुबाई लग्न होऊन आली तेव्हापासून तिथं पोहरा ओढत होती. सकाळी चाकानं पहिलं पाणी वर आणलं, तेव्हा ती ओंजळ धरून उभी राहिली. आता तेच चाक मोडून विहिरीत पडायच्या बेतात होतं.

"वस्ताद, वरची स्प्रिंग सोडवाय लागंल," हरिबा म्हणाला.

"वारा बसू दे जरा," आकाराम मिस्त्री म्हणाला.

"तवर मनोरा ऱ्हातोय व्हय?"

आकारामनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला. वाऱ्यानं त्याची टोपी नेली. त्यानं पाय खाली घेतला.

लढाई संपल्यावर लष्कराच्या छावणीतल्या पवनचक्क्या लिलावात निघाल्या. त्या सांगलीच्या या आकारामनं उचलल्या, आणि शिकायच्या आशेनं हरिबा त्याच्या हाताखाली राहिला. वर्षभरात शिराळ्यापासून इकडे अकरा चाकं उभी केली. खड्डे हरिबानं खणले, लोखंड हरिबानं चढवलं, पाती हरिबानं बसवली. शेवटचं काम तेवढं वस्तादाचं: शेपूट ताठ धरणाऱ्या स्प्रिंगचा नट. ती वेळ आली की वस्ताद वरून ओरडायचा, "हरिबा, बिडी संपली रं. पळ." मैलभर पळून बिडी आणावी तर नट बसवून झालेला असायचा. पुढं चाकाचं काही बिघडलं की मिस्त्रीला सांगलीहून बोलवायचं, आणि त्यानं आठ दिवसांनी यायचं.

एकदा दुपारी वस्तादाचा डोळा लागलेला बघून हरिबानं त्या नटाला पाना लावला आणि बाकीच्या नटांसारखाच डावीकडे जीव खाऊन फिरवला. सैल व्हायचा सोडून तो जास्तच आवळला. वस्तादानं डोळे उघडून दात काढले. "त्याला हात तसा लागतो, गड्या!" हरिबा महिनाभर आपल्या हातांकडे बघत राहिला. घरी येऊन आईलाही त्यानं तेच सांगितलं, आपला हात तसा न्हाई म्हणून.

आता त्यानं पाना कमरेला खोचला आणि वर चढला.

वर फळीवर बसून त्यानं नटाला पाना लावला. नट ढिम्म हलला नाही. डोक्याशी चाक घोंगावत होतं, फळी थरथरत होती, आणि खाली वस्ताद कमरेवर हात ठेवून उभा होता. वर्षभर गिळलेला संताप हरिबाच्या तोंडाशी आला. त्यानं लोखंडाला पाय आवळले आणि बेंबीच्या देठापासून ओरडला,

"वस्ताद! बिडी आणू का?"

कुणीतरी फिसकन हसलं. आकारामचं तोंड उतरलं. हातानं खाली खुणावत तो ओरडला, "खाली ये, मरशील!"

"न्हाई येत! सांगा, न्हाईतर चाक आन् मी संगंच येतो खाली!"

आकारामनं आजूबाजूला पाहिलं. "तुमी समदी जरा लांब व्हा," तो लोकांना म्हणाला. कुणी जागचं हललं नाही. मग त्यानं तोंडाशी हात धरून काहीतरी ओरडून पाहिलं. वाऱ्यानं ते तिथल्या तिथं खाल्लं. हरिबानं वरून कान दाखवला: ऐकू येत न्हाई.

"आमाला सांगा की," म्हातारा बिराप्पा म्हणाला. कोसभर लांबचा कळप तो नुसत्या हाळीवर फिरवायचा. "आमी हाळी देतो."

दांडी आपटतच होती.

तानुबाई पुढं झाली. "मिस्त्री, माजं पोरगं वर हाय."

"उजवीकडं," आकाराम शेवटी पुटपुटला. "उजवीकडं फिरवाय सांगा. उलटं आटं हायती त्याला."

बिराप्पानं हाळी दिली. मागोमाग बाप्यांनी दिली, बायांनी दिली. "उजवीकडं! उलटं आटं!" सगळा माळ दणाणला.

हरिबानं पाना उजवीकडे ओढला. नट सैल झाला. चार वेढ्यांत स्प्रिंग सुटली, शेपूट बाजूला आली, चाकानं वाऱ्याकडे कड केली आणि हळूहळू एकेक पातं मोजता येऊ लागलं. हरिबानं नट हातात घेऊन बघितला. मनोऱ्याचे बाकीचे सगळे नट छावणीच्या हिरव्या रंगाचे होते. हा एकटा, त्याच्या बोल्टासकट, कोऱ्या लोखंडाचा, नवे आटे पाडलेला. छावणीतून आलेलाच नव्हता तो. सांगलीला मुद्दाम करून घेतलेला होता.

पाना हातात घेऊनच तो खाली उतरला. आकाराम खिसे चाचपत होता. "झालं की काम," तो म्हणाला. "हरिबा, जरा बिडी..."

तानुबाईनं लेकाच्या हातातून पाना घेतला. आयुष्यभर दोर ओढून तिच्या तळव्याला घट्टे पडले होते. तो पाना तिनं हवेतच उजवीकडे फिरवून पाहिला, आणि मग तो हात तसाच मिस्त्रीच्या नाकासमोर धरला.

"मिस्त्री," ती म्हणाली, "ह्यो हात चालंल का?"