रिकामी काच

फोटोग्राफर बापाने कौतुकाने लेकीचा फोटो दुकानाच्या दर्शनी काचेत लावला आणि तिथेच घात झाला. वर्गातल्या पोरांनी तो मोबाइलवर टिपला, त्यावर डुकराचं तोंड चिकटवलं आणि गावभर फिरवला. शेवटी घरच्यांनी गावच सोडलं. नवं दुकान थाटलं, पण काच रिकामीच राहिली. लेकही बापाशी कामापुरतंच बोलायची. आज नव्या शाळेच्या अर्जाला फोटो हवा होता. ती स्टुलावर बसली, नजर जमिनीत रुतलेली. "हनुवटी जरा वर," तो सवयीने बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. तिने मात्र हनुवटी उचलली. कागदावर आठ फोटो निघाले. "अर्जाला एकच लागतो, बाबा. बाकीचे?" "तुझे तू ठरव." ती अर्ज द्यायला शाळेत गेल्यावर तो दुकान झाडायला उठला. काचेत एक फोटो चिकटवलेला होता: रस्त्याकडे पांढरी पाठ, चेहरा त्याच्या खुर्चीकडे, हनुवटी वर.